बसल्या जागी साडेनऊशे कॅलरी

३ मार्च

आजपासून रोजनिशी. कारण, डॉक्टर.

ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवणाऱ्याला दर तीन वर्षांनी डॉक्टरांची सही लागते. ती नसेल तर शिकाऊ माणसाच्या शेजारच्या सीटवर, दुसऱ्या ब्रेकवर पाय ठेवून बसता येत नाही. त्या सीटवर मी एकोणीस वर्षं बसतोय. आज डॉक्टरांनी सही केली नाही. वजन ब्याण्णव. ब्लडप्रेशर 'बोलण्यासारखं'. म्हणाले, सहा किलो कमी करा, मे महिन्याच्या सुरुवातीला या, मग बघू. मी विचारलं, नाहीतर? म्हणाले, नाहीतर टेबलावरचं काम बघा.

टेबलावरचं काम म्हणजे फोन उचलणं आणि वर्गात फळ्यावर चौकांची चित्रं काढणं. मेलो तरी करणार नाही.

संकल्प: रोज पहाटे पळणे. गोड बंद. चिडचिड बंद. (मी चिडत नाही. थंड डोक्याचा माणूस अशीच माझी ख्याती आहे. पण डॉक्टरांनी सांगितलं म्हणून लिहिलं.)

४ मार्च, सकाळी

पळालो. मेव्हण्याने त्याला भेट मिळालेलं, त्याने कधी न वापरलेलं घड्याळ दिलंय. मनगटावर हृदयाचे ठोके मोजतं आणि त्यावरून कॅलरी काढतं. गल्लीच्या टोकापर्यंत गेलो. ठोके एकशे अडुसष्ट. पोस्टमन मागून आला आणि पुढे निघून गेला. तो चालत होता.

जळालेल्या कॅलरी: नव्वद. केकच्या एका तुकड्यात चारशे असतात. या हिशेबाने एका तुकड्यासाठी शेजारच्या गावापर्यंत पळावं लागेल, आणि परत कोण आणणार?

४ मार्च, संध्याकाळी

गुडघा दुखतोय. उद्या विश्रांती. विश्रांती हाही व्यायामाचाच भाग आहे असं कुठेतरी वाचलंय.

लेकीला विचारलं की घड्याळ कॅलरी काढतं कसं. ती फिजिओथेरपीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, त्यामुळे घरात तिला विचारल्याशिवाय कोणी वाकत नाही. तिने सूत्र लिहून दाखवलं. वय, वजन, ठोके, मिनिटं. गुणाकार, बेरीज, वजाबाकी.

सूत्र नीट पाहिलं. वजन जास्त, तर कॅलरी जास्त. वय जास्त, तरी कॅलरी जास्त. म्हणजे जाड आणि प्रौढ माणसाची सोय निसर्गाने आधीच करून ठेवलीय. डॉक्टरांना हे ठाऊक दिसत नाही.

६ मार्च

काखेत कळसा आणि गावाला वळसा.

आज घड्याळ काढायला विसरलो आणि तसाच शिकवायला गेलो. अकराचा तास 'वादळा'चा. हे गृहस्थ निवृत्त ग्रंथपाल. उभं आयुष्य 'शांतता राखा'च्या पाटीखाली गेलं, बोलतात तेही पुटपुटल्यासारखं. पण स्टिअरिंग हातात आलं की अंगात काहीतरी शिरतं. ब्रेक म्हटलं की ॲक्सिलरेटर दाबतात. मग सॉरी म्हणतात. मग पुन्हा दाबतात.

तास संपला आणि घड्याळाकडे पाहिलं. ठोके एकशे पन्नास. सबंध तास. लेकीच्या सूत्रात घातले: साडेनऊशे कॅलरी!

बसल्या जागी. बूट न बदलता.

७ मार्च

खात्री करून घेतली. घड्याळात व्यायामाचा प्रकार निवडावा लागतो. यादीत बर्फावर घसरणं आहे, होडी वल्हवणं आहे, दोरीवरच्या उड्या आहेत, शिकवणी नाही. 'अतितीव्र' निवडलं.

सकाळी दातांच्या डॉक्टरीणबाई. त्या गाडी चालवतात तशी जगात सगळ्यांनी चालवावी. आरसा, सिग्नल, वळण. ठोके अठ्ठ्याऐंशी. तास वाया गेला.

दुपारी 'गोगलगाय', म्हणजे विमा कंपनीतल्या मॅनेजरबाई. गाडी इतकी हळू चालवतात की मागे हॉर्नचा बँड वाजतो. ठोके एकशे वीस. ठीक.

चारला पुन्हा वादळ. नऊशे सत्तर.

पळणं बंद. गुडघ्याचं कारण होतंच, आता शास्त्रही आहे.

९ मार्च

रात्री जेवताना सहज सांगितलं की मी रोज दोन हजार कॅलरी जाळतोय, तेव्हा बटाटे आणखी वाढ. बायकोने वाढले.

लेक मात्र म्हणाली, बाबा, ते सूत्र व्यायामासाठी आहे. पाय पळतात, स्नायूंना ऑक्सिजन लागतो, म्हणून हृदय धावतं, तेव्हा कॅलरी जळतात. नुसत्या भीतीने ठोके वाढले तर स्नायू आपले बसलेलेच असतात. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून ॲक्सिलरेटर दाबला तर इंजिन ओरडतं, गाडी हलते का?

मी म्हटलं, गाडी हलत नाही, पण पेट्रोल जळतं ना?

ती ताट घेऊन उठली. दुसऱ्या वर्षाला एवढंच शिकवत असावेत.

शिवाय भीती कुठून आली मध्येच? एकोणीस वर्षं त्या सीटवर बसणाऱ्याला भीती वाटत असती तर तो तिथे बसला असता का? ती एकाग्रता आहे. हे तिला सांगितलं. केकही खाल्ला, एकच तुकडा.

१३ मार्च

नवं वेळापत्रक केलं. दातांच्या डॉक्टरीणबाई आणि दोन-तीन बरे शिकाऊ थंडोबाला देऊन टाकले. थंडोबा म्हणजे माझा सहकारी. शेजारून ट्रक गेला तरी शिट्टी वाजवत बसतो. त्याचे ठोके मोजले तर घड्याळ बंद पडलंय असं वाटेल. त्याच्याकडून बदल्यात तीन 'अवघड' माणसं घेतली. तो म्हणाला, तुला बरं नाहीये का? मी म्हटलं, अनुभवी माणसाने अवघड माणसं घ्यावीत.

मॅडमना, म्हणजे स्कूलच्या मालकिणीला, हे ऐकून भरून आलं. म्हणाल्या, तुमच्यासारखे चार असते तर. मी नम्रपणे मान खाली घातली. ठोके पंच्याण्णव झाले. कौतुकानेही जळतात.

१८ मार्च

वजन त्र्याण्णव. काटा बिघडलाय. दुसऱ्या फरशीवर ठेवून पाहिला, तरी त्र्याण्णव. फरशी वाकडी आहे.

२१ मार्च

गंभीर अडचण. वादळ सुधारतंय.

आज दोन सिग्नलना वेळेवर थांबले. ठोके एकशे दहाच्या वर गेलेच नाहीत. मी सवयीप्रमाणे सांगत राहिलो, ब्रेक आधी हलका दाबा, मग क्लच, आणि ते ऐकत राहिले. तास संपल्यावर खूश होऊन मला म्हणाले, जमतंय नाही का हो? मी म्हटलं, हं.

मे दीड महिन्यावर आहे. असंच चाललं तर माझं कसं व्हायचं?

२२ मार्च

उपाय सापडला. शिकवण्याचीही एक पद्धत असते. सारखं टोकायचं नाही. माणसाला त्याच्या चुका करू द्यायच्या. त्यातून तो शिकतो. टिकाऊ शिकतो.

आज वादळाला एकदाही टोकलं नाही. मोठ्या चौकात नेलं, ऐन ऑफिस सुटायच्या वेळी. नऊशे नव्वद.

२७ मार्च

वादळाने आज सिग्नलच्या रांगेत थांबलेलो असताना घरची गोष्ट सांगितली. गाडी नेहमी त्यांच्या बायको चालवायच्या. चाळीस वर्षं. हे शेजारी बसून पुस्तक वाचायचे. आता बाईंची नजर जातेय. दर महिन्याला डोळ्यांत इंजेक्शन, दवाखाना गावाच्या दुसऱ्या टोकाला. बस दोनदा बदलावी लागते आणि बाईंना पायऱ्या दिसत नाहीत. गेल्या वेळी पडल्या. म्हणून त्यांनी या वयात शिकायला घेतलंय. दोन तारखेला त्यांची टेस्ट आहे.

ऐकून वाईट वाटलं. खरंच वाटलं. त्यांना सांगितलं, घाई करू नका.

२ एप्रिल

वादळ टेस्टमध्ये नापास. परीक्षक बाहेर आले तेव्हा त्यांचा चष्मा एका कानावर होता.

मला आधी बरं वाटलं. मग वाईट वाटलं. मग घरी येऊन आइस्क्रीम खाल्लं, कारण आज सगळं मिळून अडीच हजार झाल्या होत्या.

थंडोबा म्हणाला, त्यांना दहा-बारा दिवस माझ्याकडे दे, त्यांना नुसतं आधी सांगावं लागतं, बाकी काही नाही. मी म्हटलं, त्यांना माझी सवय झालीय.

९ एप्रिल

काही सुचत नाही. एका जागी बसवत नाही. तासाला जाण्याआधी दोन कप कॉफी घेतो, तेवढेच दहा ठोके वर. घरी आलो की उगाच या खोलीतून त्या खोलीत. वर्तमानपत्र उघडतो, मिटतो. बायको म्हणाली, अहो, बसा की जरा. मी म्हटलं, दिवसभर बसूनच तर असतो.

झोप लागत नाही. ही जास्तीची ऊर्जा असणार. तंदुरुस्त माणसांना होतं असं.

१२ एप्रिल

पँटचं बटण तुटलं. दोरा हल्ली निकृष्ट मिळतो.

वजन पंच्याण्णव. लेकीला म्हटलं, स्नायू चरबीपेक्षा जड असतात. ती म्हणाली, कुठले स्नायू? उजव्या पायाची पोटरी दाखवली. ती खरोखर दगडासारखी झालीय. तिने दाबून पाहिली, आणि पहिल्यांदाच थट्टा न करता म्हणाली, बाबा, हा पाय सतत ताणलेला आहे. तुम्ही दिवसभर ब्रेकवर पाय उचलून धरता का?

मी म्हटलं, बघ, व्यायाम होतो की नाही?

१६ एप्रिल

आज वादळासोबत विक्रम.

बेकरीच्या कोपऱ्यावर वळताना दिसत होतं की हे वळण मोठं घेतायत. माझा पाय ब्रेकवरच होता. नेहमी मी त्याच क्षणी दाबतो. आज घड्याळात एकशे चोपन्न दिसले आणि मनात आलं, जरा एकशे साठ होऊ देत.

एकशे त्रेसष्ट झाले. बेकरीची फूटपाथवरची पाटी गाडीखाली गेली. 'ताजे पाव' असं लिहिलेली. कोणाला लागलं नाही. बेकरीवाला पीठ लागलेल्या हातांनी बाहेर आला आणि पाटीकडे न बघता माझ्याकडेच बघत राहिला. म्हणाला, तुमच्याकडे दुसरा ब्रेक असतो ना?

वादळाने गाडी बंद केली. मला सॉरी म्हणाले. मला. तीनदा.

एक हजार एकशे दहा. लिहून ठेवतोय, पण आनंद म्हणावा तसा झाला नाही.

१७ एप्रिल

मॅडमनी बोलावलं. बोलणं चाललं असताना चोरून घड्याळ पाहिलं. एकशे अडतीस. तेव्हा अगदीच वाया गेलं असं नाही.

वादळ एक आठवडा येणार नाहीत. त्यांच्या बायकोने फोन केला होता, त्यांना रात्री झोप लागत नाहीये म्हणून. बाईंनी माझ्याबद्दल तक्रार केली का, ते विचारलं. मॅडम म्हणाल्या, नाही, उलट त्या म्हणाल्या की सरांना किती त्रास होत असेल.

जेवणावर वासना नव्हती. तरी जेवलो. एवढ्या कॅलरी जाळून न जेवणं प्रकृतीला बरं नाही.

२४ एप्रिल

वादळ पुन्हा नापास. यावेळी वाहतूक वगैरे काही नव्हतं, सरळ रस्ता होता. परीक्षक म्हणाले, हे गाडी चालू करायच्या आधीच घाबरलेले होते.

दवाखान्याची तारीख काल होती. दोघं बसने गेले.

मी त्यांना म्हटलं, पुढच्या वेळी नक्की. ते म्हणाले, तुम्ही आहात म्हणून येतो, नाहीतर सोडून दिलं असतं. मी घड्याळाच्या पट्ट्याशी खेळत उभा राहिलो. या क्षणाचे ठोके मुद्दाम पाहिले नाहीत.

वादळाला थंडोबाकडे द्यायचं ठरवलं. डॉक्टरांची सही झाली की लगेच. अकरा दिवसांचा तर प्रश्न आहे.

२९ एप्रिल

घड्याळातली दोन महिन्यांची बेरीज केली. आकडा मोठा आहे. या हिशेबाने माझं वजन दहा किलोने कमी झालंय. फक्त काट्यावर दिसत नाहीये.

४ मे

उद्या डॉक्टर. निवांत आहे. घड्याळ चार्ज करून ठेवलं. पुरावा दाखवायचा. आज हलकं जेवण: सूप, पाव, बटाटे, अंडी, थोडा केक. बायको म्हणाली, उद्या नाही म्हणाले तरी आकाश कोसळणार नाहीये. मी म्हटलं, नाही कशाला म्हणतील? ती म्हणाली, बरं.

५ मे, दुपारी

शहाण्णव.

डॉक्टर काट्याकडे आणि मग माझ्याकडे बघत बसले. मी फरशीचं सांगितलं. त्यांनी काटा दुसरीकडे नेला. शहाण्णव. प्रेशर आता 'बोलण्यासारखं'ही राहिलं नाही, त्यांनी न बोलताच गोळ्या लिहिल्या.

मी घड्याळ पुढे केलं. रोजचे ठोके, रोजच्या कॅलरी, सगळं. त्यांनी बोटाने वर-खाली करून नीट पाहिलं. विचारलं, हा कुठला व्यायाम? रोज अडीच-अडीच तास दीडशे ठोके? खेळाडूंना झेपत नाही. मी म्हटलं, बसून. शिकवताना.

त्यांनी विचारलं, असं किती दिवस चाललंय? मी म्हटलं, घड्याळ दोन महिन्यांचं आहे, शिकवतोय एकोणीस वर्षं.

म्हणाले, म्हणजे एकोणीस वर्षं तुम्ही रोज घाबरताय.

मी म्हटलं, छे, मी थंड डोक्याचा माणूस आहे. ते म्हणाले, ठोके खरे आहेत हो. कॅलरी तेवढ्या खोट्या आहेत.

सही नाही. सहा महिने ती सीट बंद.

५ मे, संध्याकाळी

दुसऱ्या डॉक्टरांकडे जायचं का? जाऊन काय दाखवायचं? घड्याळच?

घरातल्या घरात फेऱ्या घालतोय. लेकीने विचारलं, काय झालं? म्हटलं, काही नाही. तिने परत विचारलं नाही. त्याचा जास्त राग आला.

८ मे

टेबल. फोन. फळ्यावर चौक काढला. समोर सहा नवे शिकाऊ. एकीने विचारलं, सर, चौकात घाबरायला झालं तर काय करायचं? मी म्हटलं, त्यात घाबरण्यासारखं काय आहे. मग उगाचच फळा पुसला.

वादळ थंडोबाकडे गेले. माझ्याच हाताने फळ्यावरच्या वेळापत्रकात नाव लिहिलं. ही गोष्ट दोन महिन्यांपूर्वीही लिहिता आली असती. खडू हातात होता तेव्हाही.

थंडोबा शिट्टी वाजवत गाडीत बसला. खिडकीतून दिसलं: वळण यायच्या कितीतरी आधी तो काहीतरी सांगतो, आणि वादळ मान हलवतात.

२१ मे

वादळ पास. पहिल्याच फटक्यात, असं थंडोबा म्हणाला. मी म्हटलं, तिसऱ्या. तो म्हणाला, माझ्याकडे पहिल्या.

२३ मे

संध्याकाळी ऑफिस बंद करत होतो तर दारात गाडी. वादळाची स्वतःची. म्हणजे त्यांच्या बायकोची. बाई मागे बसल्या होत्या, एका डोळ्यावर पट्टी. दवाखान्यातून येत होते.

वादळ खाली उतरले आणि त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. म्हणाले, पास त्या सरांकडे झालो, पण शिकलो तुमच्याकडे. ते सर आधीच सगळं सांगतात. तुम्ही मात्र नंतर टोकायचं सोडलंत, शेवटी तर माझ्याआधी ब्रेकही दाबला नाहीत. त्या बेकरीपाशीसुद्धा नाही. माझ्यावर एवढा विश्वास आयुष्यात कोणी टाकला नव्हता.

तोंड उघडलं होतं. सांगणार होतो. मागून बाई म्हणाल्या, सर, बसा, तुम्हाला घरी सोडतो, हे आता छान चालवतात. आवाज ऐकून त्यांनी चेहरा माझ्याकडे वळवला होता, पण जरा बाजूला. मी वादळाच्या शेजारी बसलो.

ते खरंच छान चालवतात. आरसा, सिग्नल, वळण. रस्ता मोकळा. बेकरीचा कोपरा अगदी अलगद घेतला. तिथे नवी पाटी आहे. बाई मागे डोळे मिटून गुणगुणत होत्या.

माझा उजवा पाय सबंध रस्ताभर पायासमोरचा पत्रा दाबत होता. त्या गाडीत दुसरा ब्रेक नाही. तळहात ओले. घड्याळ थरथरलं. पाहिलं तर विचारत होतं, तुम्ही व्यायाम करताय असं दिसतंय, नोंद करू का?

'नाही' दाबलं.

घरी आल्यावर बायकोला सांगितलं की मला गाडीत भीती वाटली. त्या माणसाने चालवण्यात काही खोट ठेवली नव्हती, तरी वाटली. बहुतेक नेहमीच वाटते.

ती कपडे घडी करत होती. म्हणाली, माहीत आहे.

मी विचारलं, कसं?

म्हणाली, झोपेत तुम्ही ब्रेक दाबता. माझ्या पोटरीवर. काळंनिळं व्हायचं, म्हणून मध्ये उशी ठेवायला लागले. पंधरा-सोळा वर्षं झाली असतील.

उशी रोज बघतो. मला वाटायचं, तिला उकडतं.